तेलात राहणारा पट्टा

सकाळी नऊ वाजून वीस मिनिटं. धुळ्यात जुन्या आग्रा रोडच्या मागच्या गल्लीतल्या गॅरेजमध्ये नजीर शेख एका पांढऱ्या कारखाली उताणा पडून चेंबरचे बोल्ट सोडत होता. चेंबर म्हणजे इंजिनच्या बुडाशी असलेली तेलाची परात. शेवटचा बोल्ट निघाला तरी ती सुटेना. पात्याने कड सोडवून त्याने परात छातीवर उतरवून घेतली आणि हातातला टॉर्च वर धरला. पंपाला तेल ओढून देणाऱ्या नळीच्या तोंडाशी जाळी असते. ती जाळी काळ्या थराने जवळजवळ बुजली होती. त्याने थर नखाने खरवडला. काजळी असती तर चुरा झाला असता. हे वाकत होतं.

"शेहजाद," तो खालूनच म्हणाला, "इंजिनात रबर कुठून आलं?"

शेहजाद त्याच्या बहिणीचा मुलगा. नरडाण्याच्या एका कारखान्यात यंत्रदेखभालीचं काम करून तो चार वर्षांपूर्वी मामाच्या गॅरेजात भागीदार म्हणून आला. स्कॅनर, मोबाइल आणि वाद, हे तिन्ही त्याच्याकडे.

"एखादं सील गळालं असेल, मामू."

"एवढं? चार गाड्यांची सीलं वाटली तरी एवढा चिखल होणार नाही."

गाडी डॉ. मयुरी यांची. साक्रीच्या पश्चिमेला, डोंगरातल्या गावांमध्ये त्या जनावरांच्या डॉक्टर आहेत. राहतात धुळ्यात, रोज गाडीने जातात. आठवडाभर चढावर तेलाचा लाल दिवा लागत होता. काल गाडीचा दमच गेला, तेव्हा त्यांनी ती हळूहळू गॅरेजात आणून सोडली. चार दिवसांपूर्वी त्या दिव्यासाठी आल्या तेव्हा नजीरने स्वस्तातलं कारण धरलं होतं: दिवा लावणारा सेन्सर. तो नवा बसवला, तरी दिवा लागलाच. म्हणून आज त्याने चेंबर सोडायला घेतलं.

इंजिन लहान आहे. एक लिटरचं, तीन सिलिंडरचं, पेट्रोलवर चालणारं. पण टर्बोच्या जोरावर ते सव्वाशे अश्वशक्तीच्या जवळ जातं, म्हणजे पूर्वीच्या दीड-पावणेदोन लिटरच्या इंजिनाचं काम करतं. बाहेर पडणारा तापलेला धूर एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतं. हा दांडा मिनिटाला दोन लाखांच्या घरात फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत राहतो. तेल आटलं तर त्याला झिजायला फार वेळ लागत नाही. अशा इंजिनांच्या बाकीच्या तक्रारी नजीरला ठाऊक आहेत. व्हॉल्व्हवर काजळी साचते, पाण्याच्या प्लास्टिकच्या नळ्या उष्णतेने तडकतात, टर्बोच्या दांड्यात खेळ आला की गाडी तेल प्यायला लागते. ही कामं त्याने केलेली आहेत. रबराचं प्रकरण नवीन होतं.

दुपारच्या आत दोघांनी इंजिनच्या बाजूचं झाकण काढलं. आत व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारा रबरी दातेरी पट्टा होता, आणि तो तेलाने निथळत होता. दातांच्या पाठीवर बारीक भेगा, कडांना सुटलेले धागे.

"तेल गळून पट्ट्यावर आलंय," नजीर म्हणाला. चाळीस वर्षांचा त्याचा नियम होता की पट्ट्याला तेल लागलं म्हणजे पट्टा गेला. त्याने लागलीच गळती शोधायला सुरुवात केली.

"गळती नाही, मामू. हा पट्टा तेलातच राहतो. तसाच बनवलाय." शेहजाद मोबाइलवरून वाचत होता. "ठरलेलं तेलच वापरा. इंजिन आतून धुण्यासाठी कुठलंही द्रव वापरू नका."

नजीरने पान्याला लागलेलं तेल पुसलं. "तेल तर ठरलेलंच टाकलं. डबा बाईंनी स्वतः आणलेला."

"तेल बरोबर होतं," शेहजाद म्हणाला आणि त्याने कोपऱ्यातल्या डिझेलच्या कॅनकडे पाहिलं.

ऑइल बदलताना जुनं तेल काढायचं, लिटरभर डिझेल ओतायचं, इंजिन पाच मिनिटं हळू चालू ठेवायचं आणि ते डिझेल काढून मग नवं तेल भरायचं. हायवेवरच्या ट्रकांवर नजीर ज्यांच्याकडे शिकला त्या उस्तादांची ही रीत. त्या इंजिनांच्या पोटात डांबरासारखा गाळ बसायचा आणि डिझेलने तो सुटायचा. पुढे ट्रक सुटले, जीप आल्या, कार आल्या, रीत राहिली. नजीरच्या गॅरेजची ती ओळख झाली. बाहेर आलेलं काळं डिझेल तो पांढऱ्या डब्यात धरून गिऱ्हाइकाला दाखवत असे. "बघा, एवढी घाण घेऊन फिरत होता." गिऱ्हाईक मान हलवी आणि पुढच्या वेळी भावाची गाडी घेऊन येई. मयुरी यांच्या गाडीला त्याने दर वेळी हे केलं होतं.

"डिझेलमध्ये रबर फुगतं," शेहजाद म्हणाला. "हे मला कोणी शिकवलं?"

"माहीत आहे कोणी शिकवलं."

"मग?"

"मग काय. पट्टा तेलात राहतो हे त्या माणसाला माहीत नव्हतं."

मयुरी यांचे वडील लोटनभाऊ रावेर तालुक्यात केळी लावतात. त्यांची जुनी जीप वीस वर्षं नजीरच्या हाताखालची. मुलीची बदली झाली तेव्हा ही वापरलेली गाडी नजीरने पाहून पसंत केली, म्हणून लोटनभाऊंनी ती घेऊ दिली. आता दोष कोणाचा एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं सोपं उत्तर शेहजादच्या हातातल्या मोबाइलवर होतं. असे पट्टे कोणी डिझेल न ओततासुद्धा तुटले होते. जगभर गाडीमालकांच्या तक्रारी होत्या.

"खोटं बोलायचंच नाही," शेहजाद म्हणाला. "पट्टा कच्चा आहे एवढं सांगायचं. खरंच आहे ते."

"अर्धं."

"अर्धं तर अर्धं. मामू, एकीला सांगितलं की दुसऱ्याला सांगावं लागेल. देवपूरच्या प्रेमराज सरांची अशीच गाडी आहे. त्यांचं ऑइल मागच्या महिन्यात कोणी बदललं?"

नजीरने जेवणाचा डबा उघडला आणि तसाच झाकून ठेवला.

तीनच्या सुमारास लोटनभाऊंचा फोन आला. नजीरने स्पीकर लावला, हात तेलाचे होते.

"नजीरभाऊ, पोरगी म्हने गाडी बसली."

"बसली, लोटनभाऊ. आतला पट्टा खराब झालाय."

"कंपनीनंच फसोलं म्हना की. मले पहिलेच वाटलं होतं. एवढूसं इंजिन अन् एवढी ताकद, ते टिकंल कसं? तुम्ही तरी काय करसान."

शेहजादने मान वर करून मामाकडे पाहिलं. उत्तर तयार होतं, आणि ते नजीरला स्वतः द्यावंही लागलं नव्हतं.

"बाई येताहेत पाचला," नजीर म्हणाला. "त्यांना दाखवून मग बोलतो."

"दाखोनं कायले? तुम्ही सांगसान ते खरं."

फोन बंद झाल्यावर शेहजाद म्हणाला, "त्यांनी सोडवलं की तुम्हाला."

"ते सोडवतील. पट्टा कुठे सोडवतोय?"

मयुरी पाचच्या आधीच आल्या. साक्रीहून बसने येऊन स्टँडवरून रिक्षा केली होती. पायात गमबूट, खांद्यावर औषधांची पेटी. "बोला चाचा. वाचणार का पेशंट?"

नजीरने जाळी त्यांच्या हातात दिली. मग पट्टा दाखवला. त्या पट्ट्याकडे वाकून पाहत राहिल्या आणि भेगांवरून बोट फिरवलं.

"हे मुळातच असं होतं, की काही कारणाने?"

शेहजाद बाकावरची हत्यारं उगाच लावू लागला.

"दोन्ही," नजीर म्हणाला. "हा पट्टा कच्चा आहे, लोकांचे तसेही गेलेत. पण तुमचा मी घालवला. ऑइल बदलताना डिझेल टाकत होतो ना, रबर त्याने सुटलं. ते जाळीत अडकलं, तेल वर जाईना. टर्बोच्या दांड्यातही खेळ आलाय."

"किती वेळा टाकलंत?"

"प्रत्येक वेळी."

"मी समोर उभी होते. फोटो काढून रावेरला आबांना पाठवला होता, काळ्या डिझेलचा."

"तुम्हाला कसं कळणार?"

"मला नाहीच कळणार. तुम्हाला?"

"मी कोणाला विचारलं नाही."

मयुरी यांनी पेटी खाली ठेवली. त्या रागावल्या नव्हत्या, निदान आवाजावरून तसं वाटत नव्हतं. "परवा बारीपाड्याच्या पलीकडे एक म्हैस विताना अडली होती," त्या म्हणाल्या. "चढावर दिवा लागला म्हणून मी गाडी थांबवली आणि चालत गेले. उशीर झाला. रेडकू गेलं." मग म्हणाल्या, "त्याच्या दोन दिवस आधी तुम्ही सेन्सर म्हणाला होतात."

"हो."

"पुढे काय?"

"मी बनवून देतो. मजुरीचं नाव काढू नका. पट्टा, पंप, टर्बो, सगळं मागवतो."

"हा पट्टा तुम्ही आधी कधी बदललाय?"

"नाही."

"मग नको, चाचा."

तिथे शेहजाद मध्ये पडला. "ताई, मी शिकून घेतो. याचे सगळे व्हिडिओ असतात."

"माझ्या गाडीवर नका शिकू." त्यांनी मोबाइल काढून नाशिकच्या एका वर्कशॉपला फोन लावला. तिथले लोक याच इंजिनांचं काम करतात, हे एका सहकाऱ्याने त्यांना सांगितलं होतं. गाडी उचलून न्यायला ट्रक पाठवतो, तोवर इंजिन सुरू करू नका, असं उत्तर आलं. चावी तुमच्याकडेच राहू द्या, असं मयुरी नजीरला म्हणाल्या आणि त्यांनी पेटी उचलली.

"लोटनभाऊंना मी सांगतो," नजीर म्हणाला.

"नको. तुम्ही सांगितलं तर ते तुमचीच समजूत काढत बसतील. मी सांगते." दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. "त्यांच्या जीपला चालतं ना डिझेल?"

"तिला पट्ट्याऐवजी साखळी आहे. चालतं."

"बरं."

त्या गेल्यावर बराच वेळ दोघं झाकणं जागेवर बसवत राहिले. चेंबर हाताने अडकवून बोल्ट अर्धे आवळले. नाशिकला ते पुन्हा उघडणारच होते.

"सांगितलंत ते सांगितलंत," शेहजाद म्हणाला. "आता हे गल्लीत फिरेल. आपल्याकडे कोण गाडी लावेल?"

"जीपवाले लावतील."

"किती राहिल्यात जीप?"

नजीरने प्रेमराज सरांचा नंबर शोधला. सर निवृत्त शिक्षक आहेत. गाडी चढावर नेण्याचा प्रश्न नव्हता, पण रविवारी त्यांना नातीच्या साखरपुड्याला जळगावला जायचं होतं. नजीरने त्यांना एवढंच सांगितलं की गाडी जागची हलवू नका, आणि का ते समोर येऊन सांगतो. सरांनी दोनदा विचारलं, फार मोठं आहे का. तो म्हणाला, उघडल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि या वेळी उघडणारा मी नसेन.

उद्या शुक्रवार, गॅरेजचा सुटीचा दिवस. गाडी नेणारा ट्रक सकाळी नऊला येणार असल्याने नजीर साडेआठला शटर उघडेल. दहा वाजता तो देवपूरला प्रेमराज सरांच्या घरी असेल.