रिकाम्या खिडकीतला प्रश्न

समुद्राच्या तळाशी राज्य करणाऱ्या एका महावीर राजाची कॉमिक्स मी मराठीत आणते. बारा वर्षं झाली. प्रत्येक अंकात राज्यावर संकट येतं, राजा निघतो आणि पोवळ्यांच्या महालातून राणी विचारते, "परत कधी येशील?" तो म्हणतो, "ही शेवटची लढाई." ती शेवटची कधीच नसते. त्यामुळे ते पान मी हल्ली वाचतसुद्धा नाही. मागच्या अंकातले संवाद उचलून नव्यात टाकते.

परवा संपादकबाईंचा फोन आला. "अहो, या वेळी खिडकीत राणी आहेच कुठे? मग विचारतंय कोण?"

मी अंक उघडला. खरंच, खिडकीत नुसता पडदा पाण्याबरोबर हलत होता. आणि माझा राजा त्या पडद्याला सांगत होता, "ही शेवटची लढाई."

चूक दोन मिनिटांत सुधारली, पण मन थाऱ्यावर येईना. गावी माझे बाबा एकटे असतात. दर रविवारी ते फोनवर विचारतात, "कधी येतेस गं?" माझंही उत्तर ठरलेलं असतं. गेल्या रविवारी ते गुडघ्याबद्दल बोलले, शेजारच्या मांजरीला झालेल्या पिल्लांबद्दल बोलले, मग जरा थांबले. मी म्हटलं, "हो बाबा, एवढं काम संपलं की लगेच येते."

"बरं," म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

आज आठवतंय, त्यांनी विचारलंच नव्हतं.