रंगनाथ मापाड्याचं खरं वजन

रंगनाथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच दवाखान्याच्या कँटीनमध्ये होतो. वर तिसऱ्या मजल्यावर माझा शाळेपासूनचा मित्र जीव सोडत होता आणि खाली मी चहात साखर जास्त पडली म्हणून कँटीनवाल्याशी हुज्जत घालत होतो. वहिनी एवढंच म्हणाल्या, "मास्तर, वर या." त्याला आता सव्वा महिना झाला. दशक्रियेच्या भाषणांत सगळ्यांनी सांगितलं की रंगनाथ कॅन्सरशी शेवटपर्यंत झुंजला, हिंमत हरला नाही. माझ्याही हातात माईक दिला, मीही तेच बोललो. ते खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. उरलेलं अर्धं लिहायला बसलोय, आणि लिहिताना स्वतःचाच राग येतोय.

रंगनाथ पारनेरच्या कांदा मार्केटात मापाडी होता. तीस वर्षं त्याने गोण्या काट्यावर चढवल्या आणि वजन खणखणीत आवाजात पुकारलं. शेतकरी आणि व्यापारी दोघंही त्याच्या आकड्यावर वाद घालत नसत. मी शाळेत मास्तर, पण घरची थोडी शेती होती. एका साली माझ्या गोण्यांमध्ये ओली माती निघाली. या पठ्ठ्याने माझ्यादेखत व्यापाऱ्याला सांगितलं, "गोणीमागं दीड किलो माती धरा." मी महिनाभर त्याच्याशी बोललो नाही. शेवटी तोच घरी आला, चहा प्याला आणि म्हणाला, "शाळंत आपन एका बाकाव हुतो मास्तर, काट्याव न्हाई." असा माणूस. आणि त्याला मी काय करायला लावलं...

गेल्या वर्षी त्याला खाल्लेलं पचेना. भाकरी अर्ध्यावर ठेवून उठायचा. नगरला तपासण्या झाल्या. जठराचा कॅन्सर निघाला, तोही यकृतापर्यंत पोचलेला. डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण आडवळणाने बोलणाऱ्या नव्हत्या. त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, "आजार बरा होणारा नाही. औषधाने थोडा काळ रोखता येईल, पण ते प्रत्येकाला झेपत नाही. कुणाला झेपेल याचा अंदाज आम्ही रक्तावरून, हिंडण्याफिरण्यावरून आणि मुख्य म्हणजे वजनावरून बांधतो. दर तीन आठवड्यांनी या. वजन टिकलं तर औषध देऊ. घसरत गेलं तर औषधाने फायदा कमी आणि हाल जास्त. मग मी थांबवेन." रंगनाथने मान डोलावली. काट्यावर ठरणार म्हटल्यावर त्याला ते पटलं असावं.

मला नाही पटलं. औषध थांबवणं म्हणजे माणूस सोडून देणं, असं माझं ठाम मत होतं. वाचन दांडगं, त्यामुळे मतंही दांडगी. दुसऱ्या खेपेला वजन घसरलं तेव्हा बाई म्हणाल्या, "आज औषध देते, पुढच्या वेळी बघू."  परतताना सुपा गाव मागे पडल्यावर मी म्हणालो, "तुझ्याकडे ती जुनी लोखंडी वजनं असतील ना? बंडीत घालून उभा राहा." थट्टेतच म्हणालो होतो. पण मागच्या सीटवरून वहिनी म्हणाल्या, "आतून खिसा शिवीन मी." मग थट्टा थट्टा राहिली नाही.  "काटा मारायचा म्हंता मास्तर?" रंगनाथने विचारलं. मी म्हणालो, "जन्मात एकदा. जिवासाठी." त्याने पुढे वाद घातला नाही, आणि मला वाटलं मी जिंकलो.

तिसऱ्या खेपेला तो बंडीत एकेक किलोची दोन वजनं आणि वरून स्वेटर घालून काट्यावर चढला. नर्सने आकडा लिहिला. जन्मभर वजन पुकारणारा माणूस तोंड मिटून, भिंतीकडे बघत उभा होता. बाई त्याच्या गालफडांकडे बघून म्हणाल्या, "चेहरा उतरलाय, रक्तातलं प्रथिनही कमी आहे... पण वजन टिकलंय. देऊया." मला केवढा आनंद झाला. येताना मी जिलेबी घेतली. त्याला एक कडंसुद्धा गिळवलं नाही, ती मीच खाल्ली.

पुढच्या प्रत्येक खेपेला खिशात अर्ध्या किलोची भर पडत गेली. तोंड आतून सोलून निघालं, जुलाब थांबेनात, पायऱ्या चढायला दोघांचा आधार लागू लागला. तरी मी दर तीन आठवड्यांनी त्याच्या दारात गाडीचा हॉर्न वाजवत होतो. सहाव्या खेपेनंतर रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळल्या, ताप चढला, आणि आठवड्यात सगळं संपलं. कागदांवर सह्या करून घेताना बाई मला म्हणाल्या, "वजन टिकलं होतं हो. माझाच अंदाज चुकला." त्यांचे डोळे भरले होते. मी काय केलं? मान खाली घातली आणि सह्या केल्या.

हे मी गिळून टाकलंही असतं. पण पंधरा दिवसांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी भेटला. त्याच्या वडिलांनाही तोच आजार, त्याच बाईंकडे. तो सांगत होता, "बाई म्हनल्या, वजन टिकलंय पन औषध निम्मंच देऊ. असंच वजन टिकलेला एक पेशंट मागं हातचा गेला म्हनं."  दुसऱ्या दिवशी नगर गाठलं आणि बाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. अंदाज जिथे चुकला त्या पेशंटांची त्या एक वही ठेवतात. ती उघडून त्यांनी विचारलं, "मग खरी वजनं किती होती?" खरं वजन मी कधी विचारलंच नव्हतं.

वहिनींकडे गेलो. त्या मला मागच्या खोलीत घेऊन गेल्या. तिथे त्याचा गोणी तोलायचा जुना काटा आहे. दाराच्या मागच्या फळीवर पेन्सिलीने सहा तारखा आणि सहा आकडे लिहिलेले होते, एकाखाली एक, ग्रॅमपर्यंत. दर खेपेला निघायच्या आधी, मी बाहेर हॉर्न वाजवत असताना, तो नुसत्या पायजम्यावर इथे उभा राहत असे आणि मग बंडी घालत असे. मी विचारलं, "वहिनी, घसरत चाललंय हे त्याला दिसत होतं, मग बोलला का नाही?"

"मी म्हनलं हुतं बास करा. तर म्हनले, मास्तर लई आशेनं गाडी काढत्यात. त्यांना कसं सांगू?"

मी आकडे उतरवून घेतले आणि बाईंना नेऊन दिले. त्यांनी कागदावरून बोट खाली आणलं आणि मध्येच थांबवलं. म्हणाल्या, "इथे मी औषध बंद करून त्यांना घरी पाठवलं असतं."

ती तिसऱ्या खेपेची ओळ होती. तिच्याखाली अजून तीन होत्या.