साठ वेळा 'झालं'

माझा स्वतःचा प्रोग्राम तोंडावर खोटं बोलतो, हे मला सव्विसाव्या वर्षी कळलं. कळलं तेव्हा मी एका बाईला चारचौघांत खोटारडी ठरवून मोकळा झालो होतो. इतकी वर्षं झाली, पण तो धक्का अजून पुरता पचलेला नाही.

तेव्हा मध्यप्रदेश अखंड होता, छत्तीसगड वेगळं व्हायचं होतं. इंदूरच्या पोलोग्राउंडला एका वर्कशॉपच्या माडीवर आमचं कॉम्प्युटर सेंटर होतं. खाली लेथ घरघरायचे, वर आम्ही लोकांच्या याद्या टाइप करून द्यायचो. मालक, प्रोग्राम लिहिणारा मी आणि तीन ऑपरेटर, एवढाच पसारा. ऑपरेटरांपैकी दोघं तरुण होते. तिसऱ्या महूहून रोज बसने येणाऱ्या एक ताई. वडील फौजेतून निवृत्त झालेले, नवरा गेलेला, दोन मुली शाळेत. टायपिंग त्या महूच्या छावणीतल्या एका ऑफिसात शिकलेल्या. तीन महिने कच्च्यावर ठेवलं होतं, नंतर पक्कं करू असं मालक म्हणाले होते. त्या पक्क्या नोकरीवर त्यांचं घर अवलंबून आहे, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

काम होतं बडा गणपतीजवळच्या एका धर्मादाय नेत्र-दवाखान्याचं. गावोगावच्या शिबिरांतली कार्डं यायची: नाव, गाव, चष्म्याचा नंबर. आम्ही यादी करून द्यायची आणि त्या यादीवरून चष्मे बनायचे.

अडचण अशी की प्रत्येकाचं मशीन जुनं होतं. एक कार्ड टाकलं की ते डिस्कवर लिहून यादीत जागेवर बसवायला वीस-पंचवीस सेकंद लागायचे आणि तोवर पडदा गोठलेला. ऑपरेटर हात चोळत बसायचा. मी नुकतंच कुठेतरी वाचलं होतं की एकाच प्रोग्राममध्ये दोन धागे चालवता येतात. पुढचा धागा ऑपरेटरशी बोलतो, मागचा गुपचूप लिहीत बसतो. पुढच्याने कार्ड मधल्या पेटीत टाकायचं आणि लगेच दुसरं घ्यायचं, मागच्याने सवडीने पेटीतून उचलून डिस्कवर लिहायचं. चार दिवस खपून मी ते करून दाखवलं. पडदा गोठणं बंद झालं. मालक म्हणाले, "वा भिया, क्या बात है!" आणि मी हवेत गेलो. पेटीत जागा वीस कार्डांची ठेवली होती. वीसच्या वर कोण जातंय, असं मला वाटलं.

कार्ड पेटीत पडलं की पडद्यावर एक शब्द उमटवायचा होता. मी लिहिलं, 'झालं'. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. आपल्यात 'आलो' म्हणणारा अजून न्हाणीघरात असतो, 'निघालोच' म्हणणारा चपला शोधत असतो, आणि 'चल, जेवण झालं' अशी हाक येते तेव्हा कुकरची शिट्टी व्हायची असते. होणारच आहे म्हणजे झालंच की! पण ताई फौजी शिस्तीच्या. पडद्यावर 'झालं' आलं की त्या कार्डावर लाल पेन्सिलने बरोबरची खूण करायच्या आणि कोपऱ्यात सही करायच्या.

महिन्याभराने दवाखान्यातून माणूस आला. देपालपूरकडचे एक म्हातारे बाबा चष्मा घ्यायला बसने आले होते आणि यादीत त्यांचं नावच नव्हतं. मग असे आणखी बरेच जण निघाले. त्या सगळ्यांची कार्डं शोधली. प्रत्येकावर लाल खूण आणि ताईंची सही. बाकी दोघांचं एकही कार्ड गहाळ नव्हतं.

"मी टाकलं होतं सर," ताई म्हणाल्या. "झालं आलं, तेव्हाच टिक मारली."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. आमचे पणजोबा होळकरांच्या दफ्तरात कारकून होते आणि आमच्या राजेंद्र नगरच्या घरात ही गोष्ट दर सणाला सांगितली जाते. महूच्या एका बाईपेक्षा आपलं लिहिलेलं खरं असणार, यात मला तिळमात्र शंका आली नाही. ती का आली नाही, हे आज मला चांगलं ठाऊक आहे आणि त्याची लाज वाटते. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "ताई, मशीन खोटं बोलत नसतं."

मालकांनी मागे उभं राहून त्यांना दहा कार्डं टाकायला लावली. ताई एकेक अक्षर शोधून दाबत होत्या. दहाच्या दहा यादीत आली. "देखा?" मालक म्हणाले. "कोणी पाहत असलं की बरोबर होतं." शनिवारी हिशेब करून जा, असं सांगून ते खाली गेले.

ताई रडल्या नाहीत. त्यांनी साठ कार्डांचा नवा गठ्ठा ओढला आणि मला म्हणाल्या, "तुम्ही पण उभे राहा सर. बोलू नका, फक्त पाहा."

आणि मग त्या सुटल्या! मी त्यांना असं टाइप करताना कधी नीट पाहिलंच नव्हतं. नजर कार्डावर, बोटं आपली आपण चाललेली. नाव, गाव, नंबर, झालं. नाव, गाव, नंबर, झालं. दहा मिनिटांत साठ कार्डं. साठ वेळा 'झालं' मी माझ्या या डोळ्यांनी वाचलं. मागच्या धाग्याचं काम संपेपर्यंत आम्ही दोघं थांबलो. मग मी यादी उघडून मोजली.

चव्वेचाळीस.

पुन्हा मोजली. चव्वेचाळीसच. सोळा माणसं माझ्यासमोर, 'झालं' म्हणत म्हणत, नाहीशी झाली होती.

कारण सापडायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत, आणि तो दुसरा धक्का पहिल्यापेक्षा वाईट होता. पेटी वीसची. ती भरली आणि एकविसावं कार्ड आलं, की ते सगळ्यात जुन्या न लिहिलेल्या कार्डाच्या जागेवर बसायचं आणि जुनं पुसलं जायचं. बाकी दोघं इतके सावकाश होते की त्यांची पेटी कधी भरतच नव्हती. मागच्या धाग्याला मागे टाकील एवढा हात संपूर्ण सेंटरमध्ये एकाच माणसाचा होता. सगळ्यात चांगलं काम करणाऱ्या बाईचंच काम माझा प्रोग्राम खात होता आणि वर तिलाच चोर ठरवत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

मी तसाच खाली धावलो आणि मालकांना सगळं सांगितलं. "मी दवाखान्याला सांगून बसलोय की ऑपरेटरची चूक होती," ते म्हणाले. "आता परत नाही सांगणार. ताईंना ठेवू, पक्कं पण करू. बस, त्यांना बोल, जरा हळू मारत जा."

हळू! वर येऊन मी ताईंची माफी मागितली, चूक माझी होती हे बाकी दोघा ऑपरेटरांसमोर सांगितलं, नोकरी पक्की झाल्याचंही सांगितलं. मालकांचा निरोप मात्र मी गिळला. ताई एवढंच म्हणाल्या, "बरं झालं, मुलींना काही सांगायला लागलं नाही."

दोन दिवसांत मी प्रोग्राम दुरुस्त केला. आता पेटी भरली की नवं कार्ड आत घेतच नसे, आणि 'झालं' उमटायचं ते डिस्कवर लिहून झाल्यावरच. हरवलेली सगळी कार्डं मी स्वतः पुन्हा टाकली. पेटीही चांगली दोनशेची केली, ताईंनी पुन्हा तसं सुटावं म्हणून.

त्या सुटल्या नाहीत. एक कार्ड टाकायचं, थांबायचं, यादी उघडून त्यात नाव आलंय का ते बोट ठेवून पाहायचं, यादी बंद करायची, मग दुसरं. दिवसाला त्यांची कार्डं त्या दोघांपेक्षाही कमी व्हायला लागली. आठवडाभर पाहून मी म्हणालो, "ताई, आता खरंच गरज नाही. आता एकही जाणार नाही, मी सांगतो ना."

"तुम्ही सांगताय ते ठीक आहे सर," ताई म्हणाल्या आणि बोट यादीवरून खाली नेत राहिल्या. मी ते सेंटर सोडलं तोपर्यंत, पुढची तीन वर्षं, त्या तशाच टाइप करत होत्या.