दाराच्या चेहऱ्याची बाई

आमचे हे जळगाव जामोदच्या शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. आमची सहा वर्षांची लेक तापानं गेली, त्यानंतर चार महिने त्यांनी कुंचल्याला हात लावला नाही. मग एका रविवारी बसले आणि एकच चित्र काढलं.

अंगणात बसलेली बाई. लुगडं माझं, हिरवं. पण चेहऱ्याच्या जागी बंद दार, आणि दाराच्या खालच्या फळीवर लहान हातांचे ओले ठसे.

हेडमास्तर म्हणाले, ही पारतंत्र्यातली भारतमाता. शेजारीण म्हणाली, कोपलेली देवी. मला मात्र मीच दिसले. लेकीला ताप भरला त्या दिवशी तिला शेजारी खेळत सोडून मी बाजारात गेले होते. भाजी घेतली, वर बांगड्या भरत बसले. परतले तर ती ओट्यावर पडलेली, अंग तव्यासारखं. तिसऱ्या दिवशी गेली. आता यांनीही मलाच दोष दिला, असं वाटलं.

आठ दिवस गिळलं. मग विचारलं, "मी बाजारात गेली, म्हणून असं काढलं का माहं तोंड?"

त्यांनी मान वर केली नाही. "ते तुहं तोंड नोहे. माहं हाय."

"मंग लुगडं माहं काऊन?"

"तिले तू पायजे होती. तू नव्हती, अन् तुह्या जागी मी होतो."

मग सांगितलं. त्या दिवशी अमरावतीचे साहेब शाळा तपासायला आले होते. मी घरी नाही म्हणून लेक शाळेत, यांच्या वर्गाच्या दारात आली, "बाबा, डोकं दुखून राह्यलं" म्हणाली. यांनी "घरी जाय" म्हणून दार लावून घेतलं. ती थोडा वेळ थापा मारत राहिली. साहेब गेल्यावर उघडलं, तर डोळे पुसलेल्या हातांचे ओले ठसे फळीवर होते.

आधी मला हलकं वाटलं. त्या हलकेपणाची लाज वाटली. मग संताप आला. "चार महिने मले जळू देलं तुम्ही!"

ते रडायला लागले. त्यांच्या पाठीवर हात ठेवावा असं वाटत होतं, पण हात उचलला नाही.

पुढे देऊळगाव राजाला बदली झाली. शाळेत ते पोरांना आंबे, वांगी काढायला शिकवत. घरी पुन्हा कधी रंग कालवला नाही. दोन मुलगे झाले, मोठे झाले. माझा राग कधी विरला, मलाही कळलं नाही. पण तसं मी त्यांना कधी सांगितलं नाही, आणि ते न ऐकताच हे वारले.