पुठ्ठ्याच्या खोक्यांची ओढ

डिचोलीच्या एका खाणीच्या ऑफिसात मी बरीच वर्षं ट्रकांचं काम पाहिलं. कुठला ट्रक वाटेत अडकला, कुठला ड्रायव्हर चहाला म्हणून गेला तो गेलाच, हे शोधून काढणं माझ्याकडे होतं. मग खाण बंद झाली आणि मी घरी बसले. घरी बसलेल्या बाईला काम नसतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी चतुर्थीच्या आधी आठवडाभर आमच्याकडे राहायला यावं.

एक दिवस नवऱ्याने मोबाईलवर जाहिरात दाखवली. तुयेच्या औद्योगिक वसाहतीतल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्याला माल रवाना करणाऱ्या विभागात माणूस हवा होता. खाली लिहिलं होतं : सोबत प्रभावी कव्हर लेटर जोडावे.

सासऱ्यांनी ‘कव्हर’ एवढंच ऐकलं. संध्याकाळी ते बाजारातून कापडी अस्तराचं जाड पाकीट घेऊन आले.

“हें घे गो. पातळ कव्हर बघलं तर सायब भितरलं वाचूचोच नाय.”

“बाबा, हे ईमेलने पाठवायचं. कव्हर लेटर म्हणजे आपली ओळख करून देणारं पत्र.”

“म्हणजे अर्ज!” सासऱ्यांचा चेहरा उजळला. सगळी नोकरी त्यांनी सरकारी कचेरीत लोकांचे अर्ज परत करण्यात घालवली होती. “बस, लिही. महोदय, मी खाली सही करणारी अर्जदार आपल्या चरणी नम्रपणे...”

“चरणी नको, बाबा.”

“मग सेवेशी घाल. पण खाली वाकून घाल.”

त्यांचा मसुदा पुरा झाला तेव्हा मी डिचोली तालुक्याची कायम रहिवासी आहे हे त्यात दोनदा आलं होतं. मला काय काम येतं, हे एकदाही नव्हतं. वाचून वाटलं, कारखाना मला नोकरी नाही, पण रहिवासी दाखला नक्की देईल.

रविवारी म्हापशाहून वन्स आली. माझी ही नणंद मुलामुलींना मुलाखतीची तयारी करून देणारा वर्ग चालवते. तिने मसुदा वाचला आणि हसता हसता तिला खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

“वैनी, ह्यात पॅशन खंय गो?”

तिने मोबाईलला हुकूम सोडला आणि चहाला उकळी यायच्या आत मोबाईलने पानभर इंग्रजी पत्र लिहून दिलं. त्याचा अर्थ असा की, लहानपणापासून मला पुठ्ठ्याच्या खोक्यांची ओढ आहे आणि तुमच्या कारखान्याबरोबर वाढण्याचं माझं स्वप्न आहे.

“मी असं कधी म्हटलं?”

“म्हणायचं नसतं, वैनी. लिहायचं असतं.”

“आणि माझे ट्रक?”

“ट्रक बिक घालू नको. खाणीचा धुरळा दिसतो.”

पत्र गेलं. आठवड्याने मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा घरात पहिला पेढा वन्सला मिळाला.

तुयेच्या कारखान्यातले मॅनेजर कोल्हापूरकडचे होते. माझ्या पत्राची छापील प्रत त्यांनी सावकाश वाचली.

“बसा की, ताई. लहानपणापासून खोक्यांची ओढ आहे म्हणताय?”

“हो.”

“म्हणजे नक्की काय करत होता?”

मला एवढंच आठवलं. “खोक्यात मांजर ठेवत होते.”

ते हसले नाहीत. “मी इतकी वर्षं खोकी बनवतोय, मला काय अजून ओढ लागली नाही. आज सकाळपासून मुलाखतीला जे येतंय त्याच्या पत्रात ओढच आहे. बरं, ते ऱ्हाऊ दे. ट्रक सकाळी निघाला, दुपार टळली तरी पोचला नाही. ड्रायव्हर फोन उचलंना. काय करता?”

“त्याच्या बायकोला फोन करते.”

“आँ?”

“आपला उचलत नाही, तिचा उचलतो. खाणीवर असताना सगळ्यांच्या बायकांचे नंबर मी ठेवले होते.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “मग हे पत्रात का नाही लिहिलं?”

“ट्रक नकोत असं घरी ठरलं.”

“आमचा माल काय होडीनं जातो, ताई?” असं म्हणून त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. “फाईलला लावायला चार ओळी लिहा. जे करत होता तेवढंच.”

मी तिथेच बसून लिहिलं. ट्रक, रस्ते, मुरगाव बंदरापर्यंतचे खोळंबे आणि खाण बंद पडल्यामुळे काम हवंय हेही. घरी येताना स्कूटरवर मी चक्क गुणगुणत होते.

दोन दिवसांनी मॅनेजरांचा फोन आला. “ताई, सोमवारपासून या. एकच आहे, तुमच्या चार ओळींत उत्साह कमी पडतोय म्हणतंय हेड ऑफिस. ते ओढवालंच पत्र फाईलला लावलंय. वाईट वाटून घेऊ नका.”

वन्सने ते पत्र आपल्या वर्गात नमुना म्हणून लावलं. ड्रायव्हरच्या बायकोची गोष्ट मी तिला सांगितली, तर म्हणाली, “तो नशिबाचा भाग, वैनी. मुलाखतीपर्यंत पत्रानेच नेलं ना?”

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी कारखान्यात कामाला असलेल्या बेळगावकडच्या बायकांमध्ये जाऊन बसले. एकीने विचारलं, “तुमी कसं लागलासा हितं?”

“पत्र पाठवलं. मग मुलाखत झाली.”

“पत्र? कसलं पत्र?”

“आपण कोण, आपल्याला काय येतं ते सांगणारं.”

तिने भाकरीचा तुकडा मोडला. “माझी जाऊ हितं कामाला हाय. तिनं साहेबास्नी सांगितलं, म्हणून मी आले.” मग माझ्या डब्याच्या झाकणात शेंगदाण्याची चटणी घालत म्हणाली, “खावा आता. घंटा हुईल.”

मी माझ्याकडची किसमूर, म्हणजे सुक्या बांगड्याची खोबरं घातलेली कोशिंबीर, तिच्यापुढे केली. वास येताच ती लांब सरकली, पदर नाकाला लावला आणि खळखळून हसली.