बटणरावांचं वर जाणं

आमच्या इमारतीत एके काळी एक कुजबुज होती: लिफ्ट पडणार आहे, आणि ते लिफ्टमनला ठाऊक आहे. कुजबुज म्हणजे आठही मजल्यांवर ऐकू जाईल अशी. पुरावाही भक्कम होता. ज्या माणसाने उभी नोकरी त्या जाळीच्या दाराआड स्टुलावर बसून काढली, तो हल्ली दुपारच्या सुट्टीत जिन्याने वर जात होता. तेही पाठीवर पिशवी टाकून. म्हणजे सामानसुद्धा हलवायला लागला, असं लोक म्हणाले. आता एक उशी, एक पाण्याची बाटली आणि एक कंगवा एवढं हलवायला किती खेपा लागतात, हे कुणी विचारलं नाही. अफवेला असले प्रश्न विचारू नयेत, ती रुसते.

या लिफ्टमनला त्यांचे साडू 'बटणराव' म्हणत, आणि हळूहळू सगळेच म्हणायला लागले. साडू पोस्टमन. गल्लोगल्ली चालून त्यांच्या पोटऱ्या टणक झाल्या होत्या आणि स्वभावही.

बटणरावांच्या बायकोने स्वयंपाकघरात एका जुन्या कॅलेंडरचं पान लावून ठेवलं होतं. बर्फाचे डोंगर, आणि त्यांच्या मधोमध, अगदी उंचावर, निळंशार तळं. वर्ष उलटलं, तारखा शिळ्या झाल्या, पान तिथंच. सगळ्या संसारात तिने नवऱ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. तीही तोंडाने मागितली नव्हती, नुसती भिंतीवर लावली होती.

एका रविवारी तिची धाकटी बहीण आणि पोस्टमन जेवायला आले, आणि पान बघता बघता बेत ठरायला लागला. पायथ्यापर्यंत बस, पुढे पायवाट, अर्ध्या दिवसाचा चढ.

"स्वेटर दोन-दोन घ्या," मेव्हणी म्हणाली. "वर उन्हाळ्यातसुद्धा बर्फ असतो म्हणे."

"स्वेटरचं राहू दे," साडू म्हणाले. "साडूभाऊंचं काय करायचं ते आधी ठरवा. तिथं बटण नाही."

"माझं काय करायचंय?"

"नाही, तुम्ही पायथ्याशी बस राखत बसलात तरी चालेल. आम्ही तळं बघून येतो आणि कसं होतं ते सांगतो."

"अहो, मी एका दिवसात जेवढा वर जातो, तेवढे तुम्ही जन्मात गेला नसाल."

"बसून," साडू म्हणाले आणि त्यांनी ताट पुढे केलं.

बायको हसली असती तर परवडलं असतं. ती हसली नाही. साडूंना वाढता वाढता म्हणाली, "येतील हो ते. त्यांना काय धाड भरलीय?" हा भरवसा बटणरावांना साडूंच्या टोमण्यापेक्षा जड गेला.

दुसऱ्याच दिवशी दुपारी त्यांनी जिना चढून बघितला. तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण आजवर वर गेलो ते लिफ्टच्या तारेच्या जिवावर. छातीचा भाता झाला, डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग त्यांनी हट्टाने रोजचा नेम धरला. पाठीवर ओझं हवं म्हणून पिशवीत दोन विटा घातल्या. घरी अक्षर काढलं नाही.

पाचव्या मजल्यावर हिशेबाचं काम बघणाऱ्या एक बाई होत्या. कचेरीचे आकडे सोडले तर त्यांच्या पोटात काही राहत नसे. त्यांना एकदा बटणराव कठड्याला टेकलेले दिसले.

"अहो, लिफ्ट सोडून जिन्यानं?"

डोंगर, तळं, साडू, सगळं सांगायला बटणरावांकडे श्वास उरला नव्हता. बाहेर आलं ते एवढंच, "लिफ्टनं... वर जायचं... नाहीये मला."

आपल्या भाषेत वर जाणं हे मोठं घातकी प्रकरण आहे. माणूस माळ्यावरही जातो आणि कायमचाही जातो. बाईंनी त्यांचा पांढराफटक चेहरा बघितला, छातीवरचा हात बघितला, आणि दुसरा अर्थ उचलला. चहा यायच्या आत तो आठव्या मजल्यावर पोचला, आणि तोही जिन्याने.

मग काय विचारता. सगळ्यात आधी लिफ्ट सोडली ती दुसऱ्या मजल्यावरच्या विमा कंपनीच्या लोकांनी. इमारतीचे व्यवस्थापक बटणरावांना म्हणाले, "खरं सांगा, काय झालंय तिला?"

"काही नाही साहेब. मी आपले पाय मोकळे करतो."

"अस्सं," व्यवस्थापक म्हणाले, आणि तेही पाय मोकळे करत जिन्याने गेले. जिन्यावर अशी झुंबड उडाली की बटणरावांना सरावाला पायरी मिळेना. रिकाम्या लिफ्टमध्ये ते एकटेच बसून राहिले. खरं सांगावं तर हिशेबाच्या बाई ते घरापर्यंत पोचवणार, म्हणून गप्प.

पण घरापर्यंत अफवा पोचलीच. एका दुपारी बायको तरातरा आली आणि लिफ्टच्या दारासमोर उभी राहिली.

"उठा."

"अगं, झालं काय?"

"उठा म्हणते ना त्या पिंजऱ्यातून. ही नोकरी नको आणि ते तळंबिळंही नको. पान काढून टाकलंय मी भिंतीवरचं. आधी तुमचा जीव सांभाळा."

पान निघालं म्हटल्यावर बटणरावांचा धीर सुटला.

"लिफ्टला काही झालेलं नाही गं."

"मग जिन्यानं रोज कोण जातं, भूत?"

"मीच. मला दम लागतो. तिसऱ्या मजल्यालाच लागतो. डोंगरावर तुझ्यासमोर बसकण मारायला नको, म्हणून..."

 ती आत आली आणि त्यांना उठवून त्यांच्या स्टुलावर बसली.

"मलाही लागतो. बाजारातून पिशवी आणताना मी दोनदा थांबते. शेजारणीला वाटतं, गप्पा मारायला थांबले."

"मग ते तळं?"

"बघायचंय की. पळत बघायचंय असं मी कधी म्हटलं?" ती म्हणाली. "आठव्यावर न्या बघू मला. इतकी वर्षं झाली, मी बसलेच नाही हिच्यात."

संध्याकाळी पान पुन्हा भिंतीवर लागलं, आणि नवराबायकोत एक करार झाला. ज्याला दम लागेल त्याने म्हणायचं, 'फूल बघ.' दुसऱ्याने थांबून बघायचं, फूल असो वा नसो.

मेव्हणी अजून सांगत असते की डोंगर चढताना ताई-भाऊजींना या वयात वळणावळणाला फूल दिसत होतं, आणि हातात हात घेऊन दोघं नुसते बघत उभे. साडूंनी कधीच तळं गाठलं होतं. तिथं बसून त्यांनी चौघांच्याही डब्यांचा समाचार घेतला होता.

"काय बटणराव, किती हा उशीर?"

"शेवटचा मजला," बटणराव धापा टाकत म्हणाले, आणि सवयीने बाजूला सरून त्यांनी आधी बायकोला पुढे जाऊ दिलं.

लिफ्टला काहीही झालेलं नव्हतं. माणसाला दम लागत होता.