भोपळ्याची पहिली चीर

दुपारचं जेवण आटोपून प्रभावती माजघरात चटईवर आडवी होते ती झोपायला नाही, नुसती पाठ टेकायला. तसं ती स्वतःला बजावतेही. पण पाठ टेकायला म्हणून पडलेल्या माणसाची जी गत होते, तीच तिची होते. डोळे मिटतात, कान तेवढे जागे राहतात. परसात माडाच्या झावळ्या एकमेकींना घासतायत. स्वयंपाकघराच्या ओट्यावर अख्खा लाल भोपळा बसलाय, आणि डोळे मिटले तरी तो तिला दिसतोच आहे.

उद्या एक जानेवारी. म्हणजे उद्या सूप. वेंगुर्ल्याच्या या घरात दिवाळीचा फराळ एखादे वेळी चुकला असेल, पण एक जानेवारीचं भोपळ्याचं सूप कधी चुकलं नाही. प्रभावतीचा नवरा वामन जहाजावर कुक होता, आणि हे सूप त्याला त्याच्या जोडीदाराने, हैतीच्या एमिलने शिकवलेलं. एमिल सांगायचा, आमच्या बेटावर गुलाम हे सूप रांधायचे आणि मालक ते प्यायचे. रांधणाऱ्याला थेंब मिळत नसे. मग ज्या एक जानेवारीला देश मोकळा झाला, त्या दिवशी घराघरांत हेच सूप शिजलं आणि सगळ्यांनी पोटभर प्यायलं. वामनला ही गोष्ट इतकी भिडली की तो घरी असला की दर वर्षी भल्यामोठ्या टोपात भोपळा, कोबी, गाजर, बटाटे, मॅकरोनी आणि न फुटू देता वर तरंगणारी एक मिरची असं सूप करायचा. एमिलच्या गोमांसाच्या जागी तो मटण घालायचा. हाडांसकट.

आणि हाडांवरूनच सगळं बिनसलं. मुलगी रेश्मा पुण्याला जनावरांची डॉक्टर. तिने मटण सोडलं, मासे सोडले, पुढे दूध-तूपही सोडलं. मालवणी घरात मुलीने मासे सोडले म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. वामनने तेही गिळलं. पण गेल्या एक जानेवारीला तिने सुपाचा वाडगा हळूच बाजूला सारला, तेव्हा त्याचा तोल गेला. त्याने तिचा वाडगा, निळ्या काठाचा एनॅमलचा, रिकामा करून धुतला, पुसला आणि सगळ्यांत वरच्या फळीवर पालथा घातला. वामन उंच माणूस. ती फळी त्याच्या हाताची. "जेका ह्या सूप नको, तेचो वाडगो ह्या घरात पालथोच रवतलो," असं म्हणाला. रेश्मा त्याच दुपारी निघून गेली. शिमग्याच्या आत तो हार्टअटॅकने गेला. ती आली, रडलीसुद्धा नाही, तेराव्याला परत गेली. वाडगा अजून तसाच आहे.

आता त्यानंतर ती पहिल्यांदाच येतेय. प्रभावतीने ठरवलंय, सूप करायचं, पण हाडांशिवाय. काळे वाटाणे भिजत घातलेत. त्यांचं पाणी मटणाच्या रश्श्यासारखं दाट आणि गडद उतरतं, हे कोकणातल्या बाईला शिकवायला नको. शेवटी लोण्याच्या गोळ्याऐवजी नारळाचं दाट दूध. सगळं जुळलंय. फक्त भोपळा तसाच आहे. अख्खा भोपळा बाईने फोडायचा नसतो, पहिली चीर पुरुषाने द्यायची, ही या घराची रीत. इतकी वर्षं चीर वामन द्यायचा, तो जहाजावर असला की शेजारचा बाबल. बाबल आज चार वाजता येतो म्हणालाय, वर हसलाही: "हाडांशिवाय? वामन सपनात येतलो हां, वयनी!"

मेल्याच्या जिभेला हाड नाही, असं प्रभावती मनात म्हणते, आणि मागच्या दाराची कडी वाजते.

वामन आत येतो. अंगात बनियन, कमरेला जहाजावरचा पांढरा एप्रन, खांद्यावर पंचा. प्रभावती त्याला पाहते आणि उठून बसते. मेलेल्या माणसाला तोंडावर 'तुम्ही गेलात ना?' असं विचारणं बरं दिसत नाही, म्हणून ती विचारत नाही.

"कसलो वास हो?" तो विचारतो.

"सुपाचो."

चुलीवर टोप उकळतोय. भोपळा तर अजून अख्खा आहे, मग टोपात काय शिजतंय, हे तिला कळत नाही आणि विचारायची छातीही होत नाही. वामन झाकण काढतो, डाव घालतो, तळापासून फिरवतो. मान कलती करून ऐकतो. जहाजावर तो असाच ऐकायचा. हाडं टोपाच्या तळाला टकटक करतात, त्यावरून किती शिजलं ते तो सांगायचा. आत्ता काहीच वाजत नाही. तो पुन्हा फिरवतो.

"हाडां खंय गेली गो?"

"घालूक नाय."

"कित्या?"

"रेश्मा येतली. हाडां आसली तर ता पिवचा नाय."

तो डाव टोपात सोडतो. डाव बुडतो, तळाला लागल्याचा आवाज येतच नाही. तो अडून बसणार, हे तिला माहीतच होतं. इकडे आड, तिकडे विहीर. लेकीला घोट पाजायचा तर नवऱ्याचा शब्द मोडतो, आणि त्याचा शब्द पाळायचा तर लेक दारातून परत जाते. जिवंत माणसाशी निदान भांडता येतं.

जमीन कलते. ओट्यावरचा भोपळा गडगडत येतो आणि ती त्याला दोन्ही हातांनी छातीशी धरते. खिडकी गोल झालीय. खिडकीबाहेर परसातला माड आहे, पण बुंध्यापर्यंत पाण्यात. भांडी साखळ्यांना टांगून झुलतायत. समोर वाढायची खिडकी, आणि तिच्यापलीकडे लांबच लांब टेबल. टेबलाशी पांढऱ्या गणवेशातली माणसं बसलीयत. त्यांना चेहरे आहेत, पण ते लक्षात राहत नाहीत. एकजण चमचा टेबलावर वाजवतो. मग दुसरा. मग सगळेच.

"सायबांका भूक लागली हा," वामनचा आवाज येतो.

"आणि आमी कधी पिवचा?"

"आमका नाय. आमी रांदूचा."

ती वळून पाहते तर तो तिच्या बाजूला नाहीच. तो टेबलाच्या टोकाला बसलाय. पांढरा कोट, खांद्यावर सोनेरी पट्टी, गळ्यात रुमाल. हातातला चमचा तोही वाजवतोय. डाव्या हाताचं मधलं बोट अर्धं, जहाजावरच्या कापायच्या मशिनने नेलेलं. त्या बोटावरून ती त्याला ओळखते, नाहीतर ओळखला नसता.

प्रभावतीला आधी भीती वाटते आणि मग भीतीपेक्षा मोठा राग येतो. एमिलची गोष्ट सांगताना ज्याचे डोळे भरून यायचे, तो हा माणूस. आणि आज त्याच टेबलाशी बसून चमचा वाजवतोय!

"तुमी थंय कसे बसलात?" ती ओरडते.

"तू आधी भोपळो सोड. बापयान फोडूचो तो."

"या मगे. फोडा!"

तो येतो. भांड्यांबरोबर टांगलेला कोयता काढतो. भोपळ्यावर ठेवतो, दाबतो. कोयता सालीवरून घसरतो. तो पुन्हा मारतो, सगळ्या अंगाचा जोर लावून मारतो, आणि भोपळ्यावर नखाएवढा ओरखडासुद्धा उमटत नाही. त्याचा हात तिच्या हाताला लागतो. हात थंडगार आहे, बर्फातून काढलेल्या सुरमईसारखा.

"माका जमणा नाय गो," तो हळूच म्हणतो. पलीकडून चमच्यांचा आवाज वाढतो.

आणि एसटी हॉर्न देते.

ती स्टँडवर बाकावर बसलीय, मांडीवर भोपळा. पुण्याची गाडी पाण्यातून येते आणि फलाटाला लागते. खिडकीत रेश्मा. प्रभावती हात करते. रेश्मा उठते, दारापर्यंत येते आणि पहिल्या पायरीवर थांबते, कारण कंडक्टरने हात आडवा घातलाय.

"वाडगा आहे का?" तो विचारतो.

"आये," रेश्मा तिच्याकडे बघते. "माझो वाडगो?"

"वाडगा असल्याशिवाय या थांब्यावर उतरता येत नाही," कंडक्टर म्हणतो. वाईटपणाने नाही म्हणत, नियम सांगतो. मग दोरीला हात घालतो. एकदा घंटी वाजते. दुसरी वाजली की गाडी सुटणार, हे प्रभावतीला पक्कं ठाऊक आहे, आणि ही गाडी सुटली की पुन्हा कधी येणार नाही हेही ठाऊक आहे.

ती धावते. पाच पावलांवर तिचं स्वयंपाकघर आहे. वरची फळी, फळीवर पालथा वाडगा, आणि फळीच्या पुढ्यात वामन उभा. अंगावर गणवेश नाही आता. पुन्हा बनियन, पुन्हा एप्रन. पण वाटेतून हलत नाही.

"वाडगो काढा."

"आधी भोपळो फोडूक होयो."

त्याला वाटतं, इथे ती अडली. तिलाही क्षणभर तसंच वाटतं. लग्न होऊन आली तेव्हा सासूने सांगितलं होतं, बाईने भोपळा फोडला तर घराच्या माणसाचं वाईट होतं. ते तिने जन्मभर पाळलं. एकदाही चुकली नाही. आणि तरी घरातला माणूस गेलाच की! मग ती इतकी वर्षं कोणाला सांभाळत होती?

ती भोपळा जमिनीवर ठेवते, पायांत घट्ट धरते आणि कोयता उचलते. पहिला घाव सालीत रुततो. दुसऱ्याला भोपळा कण्हल्यासारखा आवाज करतो आणि उकलतो. आतला केशरी रंग इतका भडक आहे की स्वयंपाकघर उजळतं. बिया ओल्या, एकमेकींना चिकटून. काही वाईट होत नाही. चमचे वाजायचे थांबतात, एवढंच.

सूप झालंय. किती वेळात झालं हे विचारू नका. तिच्या हातातल्या डावात ते आहे, दाट, वाफाळतं, आणि डाव एवढाच आहे की एकाचाच वाडगा भरेल. वामन स्वतःचा वाडगा पुढे करतो. जन्मभर पुढे केला, तसाच. तिचा हातही जन्मभराच्या सवयीने त्याच्याकडे वळतो.

लांब कुठेतरी कंडक्टर दोरी ओढतोय.

प्रभावती हात मागे घेते. "आधी रेश्माक," ती म्हणते. "मगे तुमका."

तो तिच्याकडे बघतो. ती डोळे खाली करत नाही. तिला एवढंच वाटतं, हा आता काहीतरी बोलणार आणि ते आपल्याला मरेपर्यंत पुरणार. सुपाचा एक थेंब जमिनीवर पडतो.

वामन आपला रिकामा वाडगा खाली घेतो. मग हसतो. जहाजावरून उतरल्यावर धक्क्यावर हसायचा तसा, थकलेला आणि सुटलेला.

"रांदप्याक शेवटाकच मेळता," तो म्हणतो, पाठमोरा होतो आणि फळीकडे हात वर करतो.

प्रभावतीला जाग येते. माजघरात ऊन तिरपं झालंय, पदर घामाने भिजलाय, आणि हातात कोयताबियता काही नाही. स्वप्नच, दुसरं काय. बाबलच्या तोंडाला आग लागो. ती केस सारखे करत स्वयंपाकघरात जाते.

भोपळा ओट्यावर आहे, जसा ठेवला तसा, अख्खा. त्याच्याशेजारी निळ्या काठाचा वाडगा आहे. सुलटा.

ती फळीकडे बघते. वर एक गोल स्वच्छ डाग आहे, भोवती धूळ. या फळीला तिचा हात पोचत नाही. स्टूल बाहेर अंगणात आहे, त्याच्यावर तिने सकाळी वाळत घातलेल्या मिरच्या तशाच पसरलेल्या. मांजराने पाडला म्हणावं, तर एनॅमलचा वाडगा पडल्यावर टवका उडतो, आणि मांजर पाडलेली वस्तू सुलटी करून ठेवत नाही. प्रभावती वाडगा उचलते. आतून लख्ख, वामनने पुसला होता तसा. तळावर मात्र वर्षभराची धूळ, आणि त्या धुळीत धरल्याच्या खुणा. अंगठा. तर्जनी. करंगळी, अनामिका. मधल्या बोटाचा ठसा अर्धाच.

ती वाडगा परत ओट्यावर ठेवते, खुणा पुसल्या जाणार नाहीत अशा बेताने. मग तिला हुंदका येतो, आणि ती तो येऊ देते. वर्षभरात पहिल्यांदाच ती मोकळेपणाने रडते, भोपळ्यावर हात ठेवून.

अंगणातून हाक येते. "वयनी! इलंय गो मी. खंय तुझो भोपळो? पयली चीर मारून दितंय."

प्रभावती डोळे पुसते. कोयता घेते, भोपळा जमिनीवर ठेवते, पायांत धरते. घाव बसल्याचा आवाज अंगणापर्यंत जातो.

"वाटाण्यांचो टोप तेवढो चुलीर ठेव, बाबल," ती आतून सांगते. "भोपळो फोडलंय मियां."